पानात घडलेलं प्रतिपिंड आणि त्यावरची साखर

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आज मी एका फार लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. ती ज्या रेणूवर बसलेली असते, त्याच्या एकूण वजनात तिचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. पण तेवढ्यावरून एखादं औषध रक्तात टिकतं की लगेच निघून जातं, रोगट पेशी मारायला शरीराला हाक देतं की गप्प राहतं, हे ठरू शकतं. ही गोष्ट म्हणजे प्रतिपिंडावरची साखरेची साखळी. आणि मी बोलणार आहे ते माणसाच्या किंवा उंदराच्या पेशीत नव्हे, तर झाडाच्या पानात तयार झालेल्या प्रतिपिंडाविषयी.

प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हा शब्द करोनाच्या काळात घराघरांत पोचला. चार प्रथिनसाखळ्यांचा हा रेणू. दोन साखळ्या जड, दोन हलक्या. वरचे दोन फाटे जंतूला धरतात आणि खालचा दांडा शरीरातल्या संरक्षक पेशींना बोलावतो. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तितकं बनवण्याची रीत शोधली. कर्करोग, संधिवात, सोरायसिस यांवरची आजची किती तरी महागडी इंजेक्शनं त्या रीतीच्या वंशातली आहेत. त्यातली बहुतेक चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून काढलेल्या पेशींत बनतात. मोठमोठ्या पोलादी टाक्यांत, कडेकोट निर्जंतुक वातावरणात त्या पेशी वाढवाव्या लागतात. खर्च मोठा येतो, तो रुग्णाच्या बिलात उतरतो.

हेच काम झाडाकडून करून घेता येईल का? या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या ला होया इथून आलं. अँड्र्यू हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या एका रोपात जड साखळीचं जनुक घातलं, दुसऱ्यात हलक्या साखळीचं. मग दोन्ही रोपांचा संकर केला. संकरातून आलेल्या काही रोपांच्या पानांत दोन्ही साखळ्या आपसूक जुळून पूर्ण प्रतिपिंड तयार झालेलं होतं, आणि ते आपल्या लक्ष्याला चिकटत होतं. झाडांना स्वतःची प्रतिपिंडं नसतात. तरीही प्राण्याचा इतका गुंतागुंतीचा रेणू त्यांनी नीट जुळवला. मला आजही या प्रयोगाचं नवल वाटतं.

मात्र जनुकात प्रथिनाचा क्रम लिहिलेला असतो, साखरेचा नसतो. कुठलं अमिनो आम्ल कुठल्यानंतर, एवढंच जनुक सांगतं. साखरेची साखळी जोडतात त्या पेशीतली विकरं, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. एक विकर एक साखर लावतं, दुसरं काढतं, तिसरं तिसरीच चिकटवतं. म्हणून तेच जनुक माणसाच्या पेशीत घातलं की साखर एक, उंदराच्या पेशीत दुसरी, तंबाखूच्या पानात तिसरी. जन्म कुणाच्याही पोटी असो, मूल ज्या घरात वाढतं त्या घरचं वळण त्याला लागतं, तसंच हे आहे. प्रथिन कुठल्या घरात वाढलं, हे त्याच्या साखरेवरून कळतं.

ही साखर बसते कुठे? प्रतिपिंडाच्या दांड्यात, जड साखळीच्या २९७ व्या जागी. तिथे ॲस्परॅजीन नावाचं अमिनो आम्ल असतं. जड साखळ्या दोन, म्हणून अशा जागाही दोन. १९८१ साली योहान डायझेनहोफर यांनी क्ष-किरणांच्या मदतीने या दांड्याची रचना उलगडली. दोन साखळ्यांच्या मधल्या पोकळीत साखरेच्या दोन फांद्या समोरासमोर बसलेल्या त्यात दिसल्या. साखर काढून टाकली की दांड्याचा आकार बिघडतो आणि संरक्षक पेशींवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, तो नीट धरता येत नाही. १९८५ साली ऑक्सफर्डच्या राज पारेख आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर गॅलॅक्टोज नावाची साखर नेहमीपेक्षा कमी असते. थोडक्यात, साखरेतले बदल आपल्या शरीरातही होत असतात आणि आजाराशी त्यांचा संबंध असतो.

आता पानातली साखर पाहू. सुरुवात सगळीकडे सारखीच होते. झाड असो, बुरशी असो, माणूस असो, पेशीच्या आतल्या जालिकेत चौदा साखरांचा एक तयार ठोकळा प्रथिनावर बसवला जातो. त्यात दोन एन-ॲसिटिल ग्लुकोसमीन, नऊ मॅनोज आणि तीन ग्लुकोज. मग छाटणी सुरू होते. ग्लुकोज जातात, बरेचसे मॅनोज जातात आणि प्रथिन पेशीतल्या पुढच्या थांब्याकडे, गॉल्जी पिंडाकडे, निघतं. तिथून पुढे वाटा वेगळ्या होतात. मूळचा गाभा दोन्हींकडे तोच, दोन ग्लुकोसमीन आणि तीन मॅनोज. माणसाची पेशी या गाभ्याच्या पहिल्या साखरेला फ्युकोज लावते, पण सहाव्या कार्बनवर. झाडही तिथेच फ्युकोज लावतं, पण तिसऱ्या कार्बनवर. झाड मधल्या मॅनोजला झायलोज लावतं, जे माणसात प्रतिपिंडावर कधीच नसतं. आणि फांद्यांच्या टोकांना माणसाची पेशी लावते ते गॅलॅक्टोज आणि त्यापुढचं सायलिक आम्ल झाडाला लावता येत नाही.

तंबाखूच्या पानात बनलेल्या प्रतिपिंडावर खरोखर हेच असतं, याची बारकाईने तपासणी १९९९ साली फ्रान्समधल्या रुआं इथल्या लोइक फे यांच्या गटाने प्रसिद्ध केली. त्यांनी घेतलेलं प्रतिपिंड लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या संशोधनातून आलेलं होतं. दात किडवणाऱ्या जीवाणूविरुद्धचं. त्यावर झायलोज आणि झाडाचं फ्युकोज असलेल्या साखळ्या सापडल्या. शिवाय फक्त मॅनोजच्याही साखळ्या होत्या. म्हणजे एकाच प्रतिपिंडावर एकच साखर नाही, अनेक साखरांचं मिश्रण. हे मिश्रण मोजणं हेच आमच्या क्षेत्रातलं रोजचं काम आहे. ते कसं होतं, हे जरा जवळून पाहू.

प्रयोगशाळेत आज सहसा नेहमीची तंबाखू वापरत नाहीत. तिची ऑस्ट्रेलियन रानटी बहीण वापरतात, निकोटियाना बेंथामियाना. निपाणीची तंबाखू ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही किरकोळ वाटेल. पण तिचं पान मऊ असतं. चार-पाच आठवड्यांच्या रोपाचं पान उलटं धरायचं. सुई नसलेली सिरिंज पानाच्या मागच्या बाजूला टेकवायची आणि पुढून बोटाचा आधार देऊन हलकेच दाबायचं. सिरिंजमध्ये ॲग्रोबॅक्टेरियम असतो, जो स्वतःचा डीएनए झाडात घालण्यात मुळातच पटाईत असतो. त्यातच आपलं जनुक बसवलेलं असतं. दाबताच पानात ओला, गडद हिरवा डाग पसरतो आणि शिरांपाशी येऊन थांबतो. पाच-सहा दिवसांनी ते पान तोडायचं, वाटायचं, गाळायचं. मग प्रोटीन-ए या जीवाणूजन्य प्रथिनाच्या स्तंभातून रस सोडायचा. हिरवा रस खाली निघून जातो आणि प्रतिपिंड स्तंभाला चिकटून राहतं. कारखान्यात सिरिंज नसते. तिथे शेकडो रोपं कुंडीसकट उलटी करून जीवाणूंच्या द्रावणात बुडवतात आणि निर्वात खोलीत हवा ओढून घेतात. हवा परत आत सोडली की पानं द्रावण शोषून घेतात.

आता मिळालेलं प्रतिपिंड ट्रिप्सीन या पाचक विकराने कापायचं. ते ठरावीक जागीच कापतं. त्यातून साखर वाहणारा नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा मिळतो. साखरेशिवाय त्याचं वजन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये १,१८९.५ एवढं दिसतं. माणसाच्या रक्तातल्या प्रतिपिंडाचा हाच तुकडा साखरेसकट तोलला तर पडद्यावर तीन ठळक टोकं उभी राहतात. २,६३४, २,७९६ आणि २,९५८. प्रत्येक दोघांत १६२ चा फरक, म्हणजे एकेक गॅलॅक्टोज. पानातल्या प्रतिपिंडात टोक येतं २,७६६ वर. माणसाच्या पहिल्या टोकापेक्षा १३२ नं जास्त. १३२ हे झायलोजचं वजन.

हिशेब पुरा करून पाहू, कारण त्यातच खरी गंमत आहे. २,७६६.१ मधून तुकड्याचे १,१८९.५ वजा केले, उरले १,५७६.६. त्यातून चार ग्लुकोसमीनचे (दोन गाभ्यातले, दोन फांद्यांवरचे) ८१२.३ आणि तीन मॅनोजचे ४८६.२ काढले. उरले २७८.१. एक फ्युकोज १४६.१, एक झायलोज १३२.०. बरोबर जुळलं. पहिल्यांदा हा हिशेब हाताने करणारे विद्यार्थी शेवटची वजाबाकी जुळताच मान वर करतात. पेशीत घडलेली घटना कागदावर जुळताना पाहणं कुणालाही आवडतं.

पण हिशेब जुळला म्हणजे रचना कळली, असं समजू नये. स्पेक्ट्रोमीटर वजन सांगतो, जोड कुठे आहे ते सांगत नाही. १६२ म्हणजे गॅलॅक्टोज की मॅनोज? दोघांचं वजन एकच. १४६ म्हणजे फ्युकोज खरं, पण ते तिसऱ्या कार्बनवर आहे की सहाव्या? वजन सारखंच. आणि झाडाच्या व माणसाच्या साखरेतला एक मुख्य फरक तर नेमका हाच आहे.

इथे मदतीला येतात दोन विकरं. पहिलं जीवाणूकडून मिळतं, त्याला पीएनगेज एफ म्हणतात. साखरेची अख्खी साखळी प्रथिनावरून सोडवण्यात ते तरबेज आहे. पण गाभ्यात तिसऱ्या कार्बनवर फ्युकोज असेल तर ते अडतं, सोडवू शकत नाही. दुसरं पीएनगेज ए. ते बदामापासून मिळतं. जपानमधल्या नागोयाच्या नोरिको ताकाहाशी यांनी १९७७ साली बदामातलं हे विकर दाखवून दिलं. त्याला झाडाचं फ्युकोज अडवत नाही. फक्त प्रथिन आधी कापलेलं असावं लागतं. अख्ख्या प्रतिपिंडावर ते काम करत नाही. म्हणून पहिल्या विकराने साखर सुटली नाही, दुसऱ्याने सुटली, तर फ्युकोज झाडाच्या पद्धतीने जोडलेलं आहे असं ठामपणे म्हणता येतं. यंत्राने जे सांगितलं नाही ते बदामाने सांगितलं. त्याशिवाय सच्छिद्र ग्राफाइटच्या स्तंभातून साखळ्या वेगळ्या करून पाहतात. वजन सारखं आणि जोड वेगळे असलेल्या साखळ्या तिथून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात.

आणखी सापळे आहेत. ट्रिप्सीन एखाद्या ठिकाणी कापायचं विसरलं, तर चार अमिनो आम्लांचा जादा तुकडा लटकत राहतो आणि प्रत्येक टोकाची प्रतिकृती ४८२ नं पुढे दिसते. नवख्याला वाटतं, नवीच साखर सापडली. दोन फ्युकोजचं एकत्र वजन २९२.१ आणि सायलिक आम्लाचं २९१.१. फरक जेमतेम एकाचा. नीट पाहिलं नाही, तर एकाच्या जागी दुसरं वाचलं जातं.

सायलिक आम्लाची कथा मुद्दाम सांगतो, कारण विश्लेषणात काळजी का लागते ते तिच्यातून समजतं. २००३ साली एका नावाजलेल्या संशोधनपत्रिकेत दावा आला की झाडांच्या पेशींतही सायलिक आम्ल असलेल्या साखळ्या असतात. दावा खरा असता तर फारच सोयीचं होतं. पानातल्या प्रतिपिंडावर माणसाचं शेवटचं टोक लावण्याची अर्धी वाट झाडानेच तयार करून ठेवलेली असती. पण इतर प्रयोगशाळांना ते सापडेना. पुढच्याच वर्षी रुआंच्या गटाने त्याच पत्रिकेत शंका नोंदवली. मग व्हिएन्नातल्या गटाने झाडांतल्या सायलिक आम्लाचं प्रमाण अतिशय बारकाईने मोजलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडला. जे काही सापडतं ते इतकं अल्प आहे की बाहेरून नकळत मिसळल्यानेही तेवढं येऊ शकतं. माणसाच्या त्वचेत, लाळेत सायलिक आम्ल असतंच. मोजणाऱ्याच्या हातूनच ते नमुन्यात जाऊ शकतं. त्याच व्हिएन्नात पुढे २०१० साली सायलिक आम्ल बनवण्याची आणि लावण्याची पूर्ण सामग्री, प्राण्यांची सहा जनुकं, पानात एकदम घालून प्रतिपिंडावर खरंखुरं सायलिक आम्ल बसवण्यात आलं. झाडाकडे ते नाही हे आधी पक्कं झालं, म्हणूनच आता दिसतं आहे ते आपण लावलेलंच, असं खात्रीने सांगता आलं.

इथे एक चिठ्ठी आली आहे. श्रोत्यांपैकी कुणी तरी लिहिलंय, "झाडाची साखर टोचून घेतली तर ॲलर्जी होणार नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या क्षेत्राची वीस वर्षं त्याचंच उत्तर शोधण्यात गेली.

ही झायलोज-फ्युकोजची साखर आपण रोज खातो. अननसातलं ब्रोमेलेन हे विकर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्वारीत, तुरीत, पालेभाजीत ती आहे. मधमाशीच्या विषातही तसंच फ्युकोज असतं. १९८१ साली नेदरलंड्समधल्या रॉब आल्बेर्से यांनी दाखवलं की काही ॲलर्जीग्रस्त माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं एकमेकांशी नातं नसलेल्या अन्नांना आणि कीटकविषालाही ओळखतात. कारण त्यांचं लक्ष प्रथिनावर नसतं, साखरेवर असतं. ॲलर्जीची रक्ततपासणी केलेल्यांपैकी कुणाला असा अनुभव असेल. रिपोर्टमध्ये शेंगदाणा, गहू, परागकण सगळ्यांना होकार, आणि माणूस मात्र ते सगळं रोज सुखाने खातोय. त्यामागे बऱ्याचदा ही साखर असते. रक्त ती ओळखतं, पण बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

खाणं आणि टोचणं एक नव्हे, हे मला मान्य आहे. म्हणूनच माणसांवरच्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. कॅनडातल्या मेडिकागो या कंपनीने बेंथामियानाच्या पानांत फ्लूच्या लशीचे कण बनवले होते. त्या लशीच्या चाचणीत काही जणांच्या रक्तात या साखरांविरुद्ध प्रतिपिंडं वाढली, पण पुढे ओसरली, आणि ॲलर्जीची लक्षणं कुणाला झाली नाहीत. गोशे या दुर्मीळ आजारावरचं टॅलिग्लुसरेज हे औषध गाजराच्या पेशींत बनतं. त्यावर झायलोजही आहे आणि फ्युकोजही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली त्याला परवानगी दिली. या औषधाला साखळीच्या टोकाला मॅनोज उघडं लागतं, कारण आजारी पेशी मॅनोजलाच धरून औषध आत घेतात. हॅमस्टरच्या पेशींत बनवलं तर ते टोक नंतर विकरांनी छाटून उघडं करावं लागतं. गाजर ते आपणच उघडं देतं.

आणि परकी साखर म्हणजे झाडाचीच, हा समज तर मला मुळातच चुकीचा वाटतो. सेटक्सिमॅब हे आतड्याच्या कर्करोगावरचं प्रतिपिंड उंदराच्या पेशीत बनतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या काही राज्यांत पहिल्याच इंजेक्शनला रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ लागली. २००८ साली त्याचं कारण उघड झालं. उंदराच्या पेशी प्रतिपिंडावर गॅलॅक्टोजला गॅलॅक्टोज जोडलेली अशी साखर लावतात, जी माणसात नसते. त्या भागातल्या अनेकांच्या रक्तात या साखरेविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच होती, आणि ती तिथल्या एका गोचिडीच्या चावण्यातून येतात असं पुढे दिसून आलं. प्राण्याची पेशी सुरक्षित, झाडाची धोक्याची, अशी वाटणी करता येत नाही. टोचण्याआधी त्या बाटलीतल्या प्रतिपिंडावर नेमकी कुठली साखर आहे ते पाहावं लागतं, पेशी कुठलीही असो.

तरीही झाडाची साखर काढता येते का, या दिशेने व्हिएन्नातल्या नैसर्गिक संसाधनं आणि जीवविज्ञान विद्यापीठात हर्टा स्टाइनकेलनर, रिचर्ड स्ट्रासर आणि फ्रीडरिश आल्टमान यांच्या गटांनी चिकाटीने काम केलं. झायलोज लावणारं आणि फ्युकोज लावणारं, ही दोन विकरं बेंथामियानात दडपून टाकलेली रोपं त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. रोपं धट्टीकट्टी वाढत होती. त्यांच्या पानात बनलेल्या प्रतिपिंडाचं टोक २,७६६ वरून हललं आणि २,४८८ वर आलं. गाभा आणि दोन ग्लुकोसमीन, बाकी काही नाही. प्राण्यांच्या पेशींतून निघणाऱ्या मिश्रणाशी तुलना केली तर इतकी एकसारखी साखर क्वचितच पाहायला मिळते. पडद्यावर एकच ठसठशीत टोक उभं असतं आणि आजूबाजूला जवळपास शांत रेषा. त्यात गॅलॅक्टोज हवं तर तेही जमतं. नेदरलंड्सच्या गटाने २००१ सालीच माणसाचं गॅलॅक्टोज लावणारं विकर तंबाखूत घालून प्रतिपिंडाच्या काही साखळ्यांवर गॅलॅक्टोज चढवलं होतं.

पण खरा लाभ अनपेक्षित बाजूने झाला. फ्युकोज नसलेलं प्रतिपिंड नैसर्गिक मारक पेशींवरच्या ग्राहकाला किती तरी घट्ट धरतं, हे २००२-०३ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. काही मोजमापांत पन्नास पटींपर्यंत. हॅमस्टरच्या पेशी आपणहून फ्युकोज लावतात, ते काढायला त्यांच्यात खास बदल करावे लागतात. व्हिएन्नाच्या रोपांत ते मुळातच नव्हतं. ॲलर्जीच्या भीतीपोटी काढलेली साखर प्रतिपिंडाची ताकद वाढवून गेली. २०११ साली इबोलाविरुद्धच्या एका प्रतिपिंडाची उंदरांवर तुलना झाली. फ्युकोज नसलेल्या पानातल्या प्रतिपिंडाने हॅमस्टरच्या पेशीतल्या त्याच प्रतिपिंडापेक्षा चांगलं संरक्षण दिलं. प्रथिन तेच. फरक फक्त साखरेचा.

मग २०१४ साल उजाडलं. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ. केंटकीतल्या ओवेन्सबरो या गावात, फ्युकोज-झायलोज नसलेल्या बेंथामियानाच्या पानांत बनलेली तीन प्रतिपिंडं एकत्र करून झेडमॅप हे औषध तयार झालं. लायबेरियात आजारी पडलेल्या दोन अमेरिकन आरोग्यसेवकांना ते दिलं गेलं, दोघंही वाचले. माकडांवरच्या प्रयोगात संसर्गानंतर पाच दिवसांनी दिलं तरी सगळी उपचार केलेली माकडं वाचली होती. जगभर तंबाखूच्या औषधाच्या बातम्या झळकल्या. माणसांवरच्या पहिल्या रीतसर चाचणीत ७२ रुग्ण होते. झेडमॅप मिळालेल्यांपैकी २२ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ३७ टक्के. फरक दिसत होता, पण आकडे इतके थोडे की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठामपणे उतरला नाही. तोवर साथ ओसरली होती. पुढे कांगोमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. त्यात झेडमॅप घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले आणि प्राण्यांच्या पेशींत बनलेल्या दुसऱ्या दोन औषधांच्या गटांत सुमारे एक तृतीयांश.

या निकालावरून झाडांना दोष देणारे लेख मी वाचले आहेत, आणि ते मला पटत नाहीत. ती औषधं वेगळीच प्रतिपिंडं होती, विषाणूला वेगळ्या ठिकाणी धरणारी. ती एकाच वेळी पूर्ण देता येत होती. झेडमॅप तीन दिवसांच्या अंतराने तीनदा द्यावं लागे, आणि इबोलाचा रुग्ण वाट पाहत नाही. त्या चाचणीत साखरेची परीक्षा झालीच नव्हती. एकच प्रतिपिंड, दोन वेगळ्या साखरा, अशी तुलना केली तरच साखरेविषयी काही म्हणता येतं. २०११ च्या उंदरांवरच्या प्रयोगात ती झाली होती.

आपल्याकडे या विषयाचा खरा संबंध येतो तो रेबीजशी. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुत्रं खोलवर चावलं तर लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडही द्यावं लागतं. घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळणाऱ्या सीरमचा तुटवडा ग्रामीण रुग्णालयांना चांगला माहीत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबीजविरोधी एकप्रकारी प्रतिपिंड २०१७ पासून उपलब्ध आहे. ते हॅमस्टरच्या पेशींत बनतं. तंबाखूच्या पानात रेबीजविरोधी प्रतिपिंड बनवण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यातला फिलाडेल्फियाच्या गटाचा २००३ चा प्रयोग मला फार शिकवणारा वाटतो. त्यांनी जड साखळीच्या शेवटी चार अमिनो आम्लांची एक खूण जोडली. त्या खुणेमुळे प्रतिपिंड गॉल्जीपर्यंत जातच नाही, जालिकेतच राहतं. गॉल्जी नाही म्हणून झायलोज नाही, झाडाचं फ्युकोज नाही. साखळ्या बहुतांशी मॅनोजच्याच. ॲलर्जीची शंका एका फटक्यात संपली. त्या प्रतिपिंडाने विषाणूलाही उत्तम निष्प्रभ केलं. पण उंदरांच्या रक्तातून ते लवकर नाहीसं होऊ लागलं. साखरेचा एक प्रश्न सुटला, तर दुसरा उभा राहिला. रेबीजमध्ये प्रतिपिंडाला थोडेच दिवस टिकायचं असतं, लस आपलं काम सुरू करेपर्यंत. तेव्हा तिथे हे चालूनही जाईल. कर्करोगाच्या रुग्णाला महिन्यातून एकदाच इंजेक्शन द्यायचं असेल तर चालणार नाही. म्हणून कुठली साखर चांगली, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आजार कुठला, ते आधी विचारावं लागतं.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. साखर कुठली आहे हे आपण पाहतो. पण ती बसली आहे का, हे पाहतो का? पानात बनलेल्या काही प्रतिपिंडांवर २९७ वी जागा रिकामीच राहते. असा तुकडा यंत्रात १,१८९.५ वरच दिसतो, साखरेविना. साखर विकरांनी आधी सोडवून घेऊन फक्त तिचाच अभ्यास केला, तर हा रिकामा भाग कुणाच्या लक्षातच येत नाही. अहवालात साखर सुंदर दिसते आणि औषधातली काही प्रतिपिंडं मात्र संरक्षक पेशींना बोलावू शकत नाहीत. म्हणून साखरेसकट तुकडा तोलणारी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. व्हिएन्नाच्या गटाने २०१८ च्या सुमाराला यावर एक उपाय दाखवला. लिश्मानिया या परजीवीचं एक विकर प्रथिनावर चौदा साखरांचा ठोकळा बसवण्यात झाडाच्या विकरापेक्षा तत्पर असतं. त्याचं जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाबरोबर पानात सोडलं, तेव्हा १,१८९.५ चं ते टोक आक्रसलं आणि साखर चढलेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलं. काळा आजार घडवणाऱ्या परजीवीच्या कुळातलं हे विकर आता औषधाच्या पानात कामाला लागलं आहे.